तुकोबांचा शब्द आणि त्याची साक्ष

इंद्रायणीच्या डोहांत तुकोबांच्या अभंगांच्या वह्या बुडाल्या आणि तेरा दिवसांनीं त्या कोरड्या वर आल्या, ही कथा महाराष्ट्रांतील लहान मूलहि सांगूं शकतें. महिपतींनीं अठराव्या शतकांत आपल्या संतचरित्रांत ती वर्णिली, कीर्तनकारांनीं ती गांवोगांव नेली आणि पुढें चित्रपटानें ती डोळ्यांपुढें उभी केली. भाविकास तिच्यांत देवाची कृपा दिसते, चिकित्सकास आख्यायिका दिसते. परंतु या दोघांच्याहि नजरेंतून निसटणारा एक साधा प्रश्न तिच्यांत दडलेला आहे. वह्या पाण्याखालीं होत्या त्या तेरा दिवसांत अभंग कोठें होते? ज्यांनीं ते देवळांत ऐकले, टाळांच्या ठेक्यावर म्हटले, त्यांच्या मुखांत ते होतेच. वह्या तारल्या त्या लोकांच्या पाठांतरानें, असा या कथेचा अर्थ अलीकडे कित्येकजण लावितात तो यामुळेंच. मग वही आणि मुख या दोहोंपैकीं अभंगाचें खरें घर कोणतें? आणि अमुक अभंग तुकोबांचाच आहे, ही साक्ष द्यावयाची कोणी?

हा प्रश्न केवळ देहूचा नाहीं. धर्म आणि तो लोकांपर्यंत पोंचविणारीं साधनें यांचा संबंध हा गेल्या तीसचाळीस वर्षांत जगांतील अनेक विद्यापीठांत एक स्वतंत्र अभ्यासविषय झाला आहे. लॉरेन्स बॅब व सुसान वॉडली यांनीं १९९५ सालीं दक्षिण आशियांतील धर्म आणि प्रसारमाध्यमें यांवरील निबंधांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यांत छापील देवचित्रें, ध्वनिफिती, दूरदर्शन अशा साधनांचा विचार झाला. त्यानंतर इंटरनेट आलें आणि अभ्यासाचा ओघ तिकडे वळला. २००० सालीं ख्रिस्तोफर हेलंड या अभ्यासकानें एक भेद सुचविला: इंटरनेटवर धर्माची माहिती देणें निराळें, आणि इंटरनेटवरच धर्माचरण करणें निराळें. हा भेद पुष्कळांनीं उचलला आणि लौकरच तो अपुरा ठरला, कारण माणसें दोन्ही गोष्टी एकदमच करूं लागलीं.

आरंभीं बहुतेकांची समजूत अशी कीं, धर्म ही एक वस्तु आणि माध्यम हें तिचें वाहन. टपालवाला बदलला तरी पत्रांतील मजकूर तोच राहतो, तसेंच हें. पुढें बिर्गिट मायर यांच्यासारख्या संशोधकांनीं ही समजूत उलटी केली. जें दिसत नाहीं तें दाखविणें, जें ऐकूं येत नाहीं तें ऐकविणें, हेंच मुळीं धर्माचें काम. म्हणून माध्यमावांचून धर्म असा नसतोच, असें त्यांचें प्रतिपादन आहे. ज्या देशांत वेद शतकानुशतकें न लिहितां पाठ करून राखिले, तेथील मनुष्यास या सिद्धांतांत फारसें नवल वाटूं नये. मात्र या अभ्यासांत एक उणीव राहून जाते. संगणकापासून कथेस प्रारंभ केला कीं, जें जुनेंच आहे तें नवें वाटतें आणि जें खरोखर नवें आहे तें नजरेआड होतें. तुकोबांची गाथा सुमारें पावणेचारशें वर्षांत मुख, वही, छापखाना, पडदा आणि मोबाइल या सर्वांतून गेली आहे. ही उणीव भरून काढावयास तिच्याइतकें उत्तम उदाहरण क्वचित् सांपडेल.

सतराव्या शतकांत कोल्हापुरास एक अल्पवयी ब्राह्मण स्त्री जयरामस्वामींच्या कीर्तनांत तुकोबांचीं पदें ऐकते, त्यांचा तिला ध्यास लागतो, तुकोबांस प्रत्यक्ष न पाहतांच ती त्यांना गुरु मानते आणि पुढें देहूस येऊन राहते. ही बहिणाबाई. आपलें हें वृत्त तिनें स्वतःच अभंगांत सांगून ठेविलें आहे. तुकोबांच्या हयातींतच त्यांचा शब्द देहूपासून इतक्या दूर पोंचला तो एका कीर्तनकाराच्या कंठानें. कीर्तनकाराजवळ वही नसे असें नाहीं. त्या वहीस बाड म्हणत. परंतु बाड म्हणजे पोथी नव्हे. त्यांत निवडक अभंग, एखादें आख्यान, मधूनच दुसऱ्या संताचें पद असें सर्व कांहीं असे. वस्त्रांत गुंडाळून पुजण्यासाठीं तें लिहिलेलें नसे, तर उभ्यानें गातांना एक नजर टाकण्यासाठीं. क्रिश्चन नोवेट्झ्के यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या नामदेवांवरील ग्रंथांत बाड आणि पोथी यांतील हा फरक बारकाईनें मांडला आहे. नामदेवांची स्मृति टिकली ती मुख्यतः कीर्तनामुळें, आणि ‘नामा’ हें नांव शतकानुशतकें अनेकांनीं आपल्या पदांस जोडलें, असें ते दाखवितात. नांव एकाचें, वाणी अनेकांची.

अभंगाच्या अखेरीस येणारी ‘तुका म्हणे’ ही मुद्रा या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. ती सही आहे, पण कागदावरील सहीप्रमाणें ती हस्ताक्षरावरून पारखतां येत नाहीं. ती कोणीहि उच्चारूं शकतो, कारण अभंग गाणाऱ्या प्रत्येकास ती उच्चारावीच लागते. तिचा गैरवापर होण्याचें भय तुकोबांच्या काळापासूनच आहे. संप्रदायाच्या आठवणींत सालोमालो या नांवाचे एक बुवा येतात. तुकोबांचे अभंग आपले म्हणून गाण्याचा आरोप त्यांच्यावर आहे, आणि त्यांचें नांव खुद्द गाथेंतहि आलेलें आहे. येथें चोरी उलट्या दिशेची आहे. तुकोबांचा शब्द घेऊन त्यावर दुसऱ्याची मुद्रा लावणें हें सालोमालोंचें काम; पुढील काळांत अधिक घडलें तें असें कीं, दुसऱ्याच्या शब्दावर तुकोबांची मुद्रा लागली.

पाठशुद्धीची ही काळजी छापखान्यानें आणिली, असें मानण्याचा प्रघात आहे. तो बरोबर नाहीं. तुकोबांच्याहि पूर्वीं, शके १५०६ म्हणजे १५८४ सालीं, एकनाथांनीं अनेक प्रती मिळवून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि यापुढें त्यांत कोणी आपली ओंवी घुसडूं नये अशी स्पष्ट ताकीद ग्रंथाच्या शेवटीं लिहून ठेविली. छापखान्याशिवाय झालेलें हें संपादन होय. आणि छापलें म्हणजे टिकलें ही समजूतहि तपासून पाहण्याजोगी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ गोमंतकांत १६१६ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ सालींहि तें पुन्हां छापलें. या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकहि छापील प्रत आज ज्ञात नाहीं. तो ग्रंथ वांचला तो भाविकांनीं हातानें उतरून घेतलेल्या प्रतींमुळें, आणि तोहि देवळांत, घरांत गाइला जात होता म्हणून.

एकोणिसाव्या शतकांत मुंबईस छापखाने चालूं लागले तेव्हां धर्मग्रंथ छापण्यास प्रथम विरोधच झाला. गोविंद नारायण माडगांवकर यांच्या १८६३ सालच्या ‘मुंबईचें वर्णन’ या ग्रंथांत छापील कागदास शिवण्यास कचरणाऱ्या ब्राह्मणांचा उल्लेख आहे. शाईंत चरबी असल्याच्या संशयावरून तुपाची शाई करून पोथी छापिल्याचीहि कथा सांगतात. आज हें वाचून हंसूं येतें. पण त्या माणसांचा मुद्दा अगदींच पोकळ नव्हता. ज्या पदार्थांतून शब्द येतो तो पदार्थ शब्दाला लागतो, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें, आणि विद्यापीठांतील आजचे पंडित निराळ्या भाषेंत तेंच सांगत आहेत.

तुकोबांच्या गाथेच्या इतिहासांत खरें वळण आलें तें १८६९ सालीं. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याचे मुख्य सर अलेक्झांडर ग्रँट हे तुकोबांच्या अभंगांनीं प्रभावित झाले होते. १८६७ सालीं त्यांनीं विलायतेंतील एका मासिकांत तुकोबांवर निबंधहि लिहिला. त्यांच्या खटपटीनें सरकारनें २४,००० रुपये मंजूर केले आणि इंदुप्रकाश छापखान्यानें ‘तुकारामबावाच्या अभंगांची गाथा’ दोन भागांत काढली, पहिला १८६९ व दुसरा १८७३ सालीं. संपादक होते विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित. पहिले विधवाविवाहाचे कडवे पुरस्कर्ते, दुसरे वैदिक ग्रंथांचे संशोधक. दोघांपैकीं एकहि परंपरेनें फडावरचा कीर्तनकार नव्हे. परकी सरकारचा पैसा, सुधारकांचा छापखाना आणि शास्त्र्यांची चिकित्सा, असा हा योग होता.

त्यांनीं देहू, तळेगांव, कडूस व पंढरपूर येथील हस्तलिखितें मिळविलीं, एकमेकांशीं ताडून पाहिलीं आणि पाठभेद तळटीपांत दिले. सुमारें ४,६०० अभंगांची ही गाथा पुढें प्रमाण ठरली. १९५० सालीं मुंबई सरकारनें तिचीच नवी आवृत्ति काढली, आणि आज घरोघरीं जी गाथा असते तिचें मूळहि बहुधा तेथेंच पोंचतें. संपादकांचे कष्ट मोठे, यांत संशय नाहीं. परंतु एक गोष्ट त्यांच्या हातून नकळत घडली. कडूसच्या प्रतींत एक शब्द, पंढरपूरच्या प्रतींत दुसरा, असें असतां दोन्ही ठिकाणचे वारकरी आपापल्या पाठाशीं नांदत होते. छापील पानावर एक शब्द वर गेला आणि दुसरा तळटीपेंत. वर कोणता आणि खालीं कोणता हें ठरविण्याचा अधिकार तोंवर कोणा एकाचा नव्हता. तो आतां संपादकाचा झाला.

या अधिकारास आव्हान मिळालें तेंहि छापखान्यांतूनच. तुकोबांचे टाळकरी चाकणचे संताजी जगनाडे यांनीं लिहिलेल्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनीं १९१९-२० च्या सुमारास ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ प्रसिद्ध केला. त्यांत अभंग सुमारें १,३०० च होते. ‘अस्सल’ हा शब्दच बोलका आहे. बाजारांत नक्कल आल्यावांचून अस्सलाची जाहिरात कोणी करीत नाहीं. देहूच्या देवळांत तुकोबांच्या हातची म्हणून ‘भिजकी वही’ जपलेली आहे ती निराळीच. तात्पर्य, विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणांत सरकारी गाथा, जगनाड्यांची गाथा, भिजकी वही आणि फडाफडांवरील पाठ अशा अनेक साक्षी एकाच वेळीं उभ्या होत्या, आणि त्यांचा निवाडा देणारें न्यायासन कोठेंच नव्हतें. वारकऱ्यांनीं यांतून आपल्या परीनें मार्ग काढिला. विष्णुबुवा जोग यांनीं गाथेचें सार्थ विवरण छापिलें आणि १९१७ सालीं आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन झाली. म्हणजे छापील ग्रंथ त्यांनीं नाकारला नाहीं. तो शिकविणारा गुरु मात्र पुढें बसविला.

१९३६ सालीं प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट आला आणि साक्षीचा प्रश्न पुन्हां निराळ्याच रीतीनें उभा राहिला. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनीं तो दिग्दर्शित केला, तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनीं केली. मुंबईंत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या चित्रपटमहोत्सवांत त्याचा गौरव झाला. अनेकांच्या मनांत तुकोबांची मूर्ति म्हणजे पागनीसांचीच मूर्ति होऊन बसली. या बोलपटाच्या कथानकांत सालोमालो हा खलपुरुष आहे. तुकोबांचे अभंग तो आपले म्हणून मिरवितो, आणि उलट तुकोबांवरच चोरीचा आळ घेतो. प्रेक्षकांना त्याचा संताप येतो, तो यावा अशीच योजना आहे. परंतु याच बोलपटांत, त्याच प्रेक्षकांसमोर, पागनीसांच्या मुखीं एक पद येतें. त्यांत बीज आणि वृक्ष यांचा दृष्टांत आहे. तें पद गाथेंत नाहीं. तें शांताराम आठवले या चित्रपटाच्या गीतकारांनीं लिहिलें. तें इतकें साधलें कीं, लोक तें तुकोबांचाच अभंग म्हणून गाऊं लागले. जाणकारांनींहि तें गाथेंत शोधिलें.

आठवल्यांनीं कांहीं लबाडी केली नव्हती. गीतकार म्हणून त्यांचें नांव होतेंच. पण पडद्यावरील तुकोबा जें गातात तें तुकोबांचें, हा न्याय प्रेक्षकांनीं परस्पर लावून टाकला. कीर्तनांत मुद्रा साक्ष देत होती, छापखान्यांत संपादक देत होता, येथें एका नटाच्या चेहऱ्यानें साक्ष दिली. आणि तें पद आज भजनांत म्हणतात त्याचें काय करावयाचें? तें काढून टाकावें असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. नामदेवांच्या नांवावर ज्यांनीं पदें रचिलीं त्या अज्ञात कवींची पंगत लांब आहे. आठवले तिच्यांतीलच एक. फरक इतकाच कीं, त्यांचें नांव आणि वर्ष ठाऊक आहे.

नभोवाणी आणि दूरदर्शन यांची कथा बहुतेकांस परिचित आहे. १९५५ च्या रामनवमीस पुणें केंद्रावरून गदिमा व सुधीर फडके यांचें ‘गीतरामायण’ सुरू झालें. वर्षभर चाललेल्या त्या ५६ गीतांच्या वेळीं रेडिओस हार घालीत असल्याच्या आठवणी जुन्या घरांतून अजून ऐकूं येतात. १९८७-८८ सालीं दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका लागली तेव्हां हीच गोष्ट देशभर घडली, आणि फिलिप लुट्गेनडॉर्फ यांच्यासारख्या अभ्यासकांनीं तिची गंभीर नोंद घेतली. यंत्राला हार घालणाऱ्यास भोळा म्हणून हिणवणें सोपें आहे. त्याला खोक्यांत देव आहे असें वाटत नव्हतें. जेथून रामकथा येते ती जागा झाडून पुसून ठेवावी, एवढेंच त्याला कळत होतें.

मोबाइलच्या युगांत काय निराळें झालें? एक तर गाथा सर्वांच्या खिशांत आली, आणि नुसती आली नाहीं, तर तींतील कोणताहि शब्द क्षणांत शोधतां येऊं लागला. ज्या कामासाठीं पंडितद्वयास चार गांवच्या वह्या पुढ्यांत घेऊन वर्षें घालवावीं लागलीं, त्यांतील निदान पहिली पायरी आज शाळेंतील मुलगा ओलांडूं शकतो. त्याच यंत्रावर रोज सकाळीं ‘तुका म्हणे’ अशी अखेर असलेलीं नवींजुनीं पद्यें हजारों घरीं पोंचतात. कांहीं अभंग, कांहीं उपदेशाच्या ओळी, कांहीं निवडणुकीच्या हंगामांतले टोमणे. २०२२ सालापासून यांत आणखी भर पडली आहे: माणसाच्या मदतीवांचून पद्य जुळविणारीं यंत्रें सर्वांच्या हातीं आलीं असून, मागितल्यास तीं मुद्रेसह अभंग करून देतात. सालोमालो निदान देहूचा होता, त्याला दारांत गांठून विचारतां येत होतें.

हायडी कॅम्पबेल यांनीं २०१० च्या आपल्या ग्रंथांत असें दाखविलें आहे कीं, धर्मसमाज नवें यंत्र जसेंच्या तसें स्वीकारीत नाहींत किंवा झिडकारीतहि नाहींत. आपला इतिहास आणि आपली मूल्यें पाहून ते त्याच्याशीं वाटाघाट करितात. हें खरें आहे, परंतु वाटाघाट करावयास समाज एकत्र बसलेला असावा लागतो. कीर्तनांत बुवांनीं भलताच अभंग म्हटला तर मागें उभ्या असलेल्या टाळकऱ्यांचे हात थबकत. ही थबक म्हणजेच जुनी साक्ष होती. मोबाइलवरील अभंग माणूस एकटा वाचतो आणि एकटाच पुढें धाडतो. त्याच्या मागें टाळकरी नसतात.

तथापि जुन्या बैठकीचें नुसतें गुणगान करणेंहि न्यायाचें नाहीं. ज्या समाजानें खोटा अभंग अडविला त्यानेंच माणसेंहि अडविलीं. चोखोबांची समाधि पंढरीच्या महाद्वाराबाहेर आहे. विठ्ठलाचें मंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींना १९४७ सालीं प्राणांतिक उपोषण करावें लागलें. अभंग म्हणण्याचा अधिकार कोणास, त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणास, हें शतकानुशतकें ठराविक माणसांनीं ठरविलें, आणि खुद्द तुकोबांस त्याचा ताप झाला. मोबाइल वाचणाऱ्याची जात विचारीत नाहीं. साक्षीदार गेले याचें दुःख करितांना, पहारेकरीहि गेले हें विसरतां येत नाहीं.

२०२० सालीं साथीमुळें वारी थांबली. देहू-आळंदीहून पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस. टी. बसमधून पंढरीस गेल्या आणि आषाढीचा सोहळा बाकीच्यांनीं पडद्यावर पाहिला. त्या दिवशीं दर्शन झालें कीं नाहीं? हेलंड यांचा भेद येथें लावूं गेल्यास हातीं फारसें कांहीं लागत नाहीं. दर्शन झालें, असें अनेकांनीं म्हटलें. वारी मात्र चुकली, असेंहि त्यांनींच म्हटलें. डोळ्यांचें काम पडद्यानें केलें, पायांचें तो करूं शकला नाहीं.

देहूस इंद्रायणीच्या कांठीं गाथा मंदिर उभें आहे. त्याच्या भिंतींवर तुकोबांचे अभंग संगमरवरांत कोरलेले आहेत. ज्या नदींत वह्या बुडाल्या तिच्याच कांठीं हा बुडूं न शकणारा ग्रंथ. येथें येणारा यात्रेकरु भिंतीपुढें मान उंचावून आपल्या ओळखीचा अभंग शोधतो, सांपडला म्हणजे त्याचें छायाचित्र मोबाइलवर घेतो आणि घरीं पाठवितो. घरीं कोणी तें मोठ्यानें वाचून दाखवितें. तोच अभंग आजीला एकदोन शब्दांच्या फरकानें पाठ असतो, आणि मग भिंतीवरचा बरोबर कीं आजीच्या तोंडचा, हा वाद घरांत सुरू होतो.